सल्लागार फाटकावर

परदेशी पोलादावरचा कर काढा, असं सरकारला सांगणारा व्यापार सल्लागार तोच होता. ज्या पोलादाच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागून तो मोठा साहेब झाला, तो कारखाना स्वस्त परदेशी मालापुढे वर्षभरात बंद पडला. कामगारांना तोंड दाखवायला तो एकटाच गाडी घेऊन फाटकावर आला. पहिला दगड गाडीची काच फोडून गेला, दुसरा त्याच्या खांद्यात बसला. मग ज्याने त्याला हातोडा धरायला शिकवलं, तो म्हातारा फोरमन सळई घेऊन पुढे आला. “चुकलो म्हण.” “खोटं कसं बोलू, काका? पुन्हा तोच सल्ला देईन.” सळई कपाळावर बसली. हाड वाजलं, रक्ताने दोन्ही डोळे भरले. पोलीस धावले. “कुणी मारलं?” “पाय घसरला,” तो पडल्यापडल्या म्हणाला. फोरमनने सळई पोलिसापुढे धरली. “लिहून घ्या, मी मारलं. नोकरी याच्या सल्ल्यानं गेली, तुरुंगात तरी माझ्या मर्जीनं जातो.”