पाटावरचं शस्त्र

ह्यूस्टनला परेशच्या शेजारी घरफोडी झाली. पगारात महिना निघणं मुश्किल, तरी त्याने आयुष्यातलं पहिलं पिस्तूल घेतलं, सेकंडहँड का होईना. सिंगापूरच्या सेरंगून भागातल्या फ्लॅटमध्ये बसून व्हिडिओ कॉलवर ते पाहताना त्याच्या आईचा, मीनाक्षीचा, ऊर भरून आला. तिथे खऱ्यासारखं दिसणारं खेळण्यातलं पिस्तूल आणायचीही चोरी, म्हणून दर खंडेनवमीला ती नवऱ्याचा लॅपटॉप आणि स्वतःची विळी पुजायची. यंदा घराण्यात खरंखुरं शस्त्र आलं होतं.

"पाटावर ठेव, हळदकुंकू वाहा," ती म्हणाली.

"आई, ते भरलेलं असतं. मी कपाटात अगदी वरच्या खणात ठेवतो."

"आजच्या दिवस राहू दे देवापुढे, काही होत नाही. आणि एकदा मांडलं की दसऱ्याची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. आपल्याकडची रीत आहे."

परेशने पिस्तूल पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. चार वर्षांच्या अवनीने बाबांचं बघून पाटासमोर हात जोडले, तेव्हा मीनाक्षीने स्क्रीनवरूनच नातीची दृष्ट काढली.

दसऱ्याच्या सकाळी ती दाराला झेंडूचं तोरण बांधत असताना सुनेचा फोन आला.



"आई, हात लावायचा नाही, हे अवनीला सांगायचं राहिलं."