राजाबरोबरचा फोटो

दुसऱ्या रांगेत उभ्या असलेल्या हॉपकिनच्या अंगावर एमलिनचा कोट होता. बाह्या थोड्या लांब होत होत्या.

पुढे दोन खुर्च्यांवर राजा आणि राणी बसले होते. खाणीत जाऊन आल्या तरी राणीच्या हातमोज्यांवर डाग नव्हता; त्यांना नेलं तो बोगदा कालच चुना मारून पांढरा केला होता. एमलिन खाणीच्या दुसऱ्या बाजूला होता, जमिनीखालच्या घोड्यांच्या जुन्या तबेल्यात, हॉपकिनचा कोट पांघरून. पहाटे छत खाली आलं तेव्हा दोघं एकाच जागी कोळसा काढत होते. एक मागे सरकला, एक राहिला. राजापुढे नुसत्या सदऱ्यात उभं राहायचं नाही, असं मॅनेजर प्रिचर्डने बजावलं, म्हणून हॉपकिनने खुंटीवरचा एमलिनचा कोट चढवला.

त्या दरीतल्या खाणकामगारांची एक रीत होती. खाणीत माणूस गेला की हत्यारं खाली ठेवायची. सगळी पाळी वर येई आणि टोप्या काढून त्याला घरापर्यंत पोचवी. जोडीदार सगळ्यांच्या पुढे, कारण दार त्यानेच वाजवायचं असे. आज प्रिचर्ड म्हणाला होता, "दुपारपर्यंत थांबा. राजा काही रोज येत नाही."

"खरंय साहेब. मरण काय, रोजचंच आहे," म्हातारा टोबायस म्हणाला होता. पण थांबला तोही.

"मान वर कर," टोबायस आता ओठ न हलवता पुटपुटला. "प्रिचर्ड बघतोय."

"काका, ओलवेन आलीय."

"कुठं?"

"गर्दी अडवलीय त्या दोरापाशी. पोराला काखेत घेऊन."

"तिकडं बघूच नकोस."

पण ओलवेनने बघितलं होतं. टोप्यांखाली सगळेच चेहरे कोळशाने काळे. तिने कोट ओळखला. कोपरावरचं ठिगळ तिच्याच हातचं होतं.

"ए एमलिन!" ती ओरडली. "वाकून काय उभा राहिलास? ताठ राहा की! राजा काय खातोय तुला?"

"घरी तुझ्यापुढं वाकून वाकून सवय लागलीय बिचाऱ्याला!" शेजारीण म्हणाली, तशी गर्दीत खसखस पिकली. राणीनेही हसून मागे वळून पाहिलं. ओलवेनने पोराचा हात धरून त्यातलं कागदी निशाण हॉपकिनच्या दिशेने हलवलं. "हलव रे, बाबाला दाखव!"

राणीने शेजारच्या सरदाराच्या कानात काहीतरी सांगितलं. तो हॉपकिनकडे वळला. "राणीसाहेब विचारतात, ती तुझी बायको का?"

हॉपकिनने कोटाची बाही मागे सारली. "नाही साहेब. एमलिनची."

"आणि एमलिन कुठे आहे?"

"खाली."

"मग बोलवा की त्याला वर! त्याचाही फोटो निघेल. बायकोला बरं वाटेल."

"तो कामात आहे, साहेब," प्रिचर्ड घाईघाईने म्हणाला. "आणि उजेडही कमी होत चाललाय."

सरदार मान हलवून मागे झाला. टोप्या डोक्यावर आणि दिवे हातात राहिले पाहिजेत, वर्तमानपत्राला तसाच फोटो हवा आहे, अशी सकाळपासून ताकीद होती. तरी हॉपकिनचा हात वर गेला आणि त्याने टोपी काढली. काळ्या चेहऱ्यावर पांढरं कपाळ उघडं पडलं. टोबायसने दातओठ खाल्ले, एक शिवी हासडली आणि स्वतःची टोपी काढली. मग त्याच्या शेजारच्याने. मग पलीकडच्याने. रांगेच्या टोकापर्यंत पांढरी कपाळं उघडी होत गेली.

"वा, वा! राजासाठी टोप्या काढल्या!" काळ्या फडक्याखालून फोटोग्राफर आनंदाने म्हणाला. "असेच राहा. आभाळ भरून आलंय, जरा वेळ लागेल. कुणी हलू नका, हललं की पुसट येतं."

पण राजाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळी रांग ओलवेनकडे बघत होती.

तिच्या तोंडावरचं हसू क्षणभर तसंच राहिलं. तिने हॉपकिनचे तांबडे केस पाहिले. मग कोट पाहिला. मग पुन्हा केस. शेजारणीकडे न बघताच तिने पोर तिच्या हातात दिलं, दोर वर उचलला आणि खाणीच्या तोंडाकडे चालू लागली. पोलीस तिला अडवायला पुढे झाला, पण तिचा चेहरा बघून बाजूला सरला.

फोटोग्राफरने हात वर धरला होता. माणसं उभी होती. प्रिचर्ड उभा होता. हॉपकिनही उभा होता.

तो फोटो आता कामगारांच्या वाचनालयात, दारासमोरच्या भिंतीवर आहे. शाळेतली मुलं दरवर्षी तो बघायला येतात. राजा कोणता, राणी कोणती, हे मास्तर त्यांना छडीने दाखवतात. यंदा एका मुलीने कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसलेल्या म्हाताऱ्या हॉपकिनला विचारलं, "आजोबा, इथं कडेला हा धूर कसला आलाय?"

हॉपकिन चष्मा पुसत उठून जवळ आला.

"धूर नाही गं तो, बाळ. ती ओलवेन. तेवढी एकटीच हलली." मग त्याने दुसऱ्या रांगेवर बोट ठेवलं. "आम्ही बघ, सगळे किती स्पष्ट आलोय."