रडायची धून

"ही धून माझी आहे," म्हातारा म्हणाला.

"हो ना. आणि मस्कतचा किल्ला माझ्या आजोबांचा," शरीफ म्हणाला आणि चार्जर पिशवीत घालायला लागला.

मस्कतजवळच्या अल खौदमध्ये विद्यापीठाची पोरं मोबाईलमध्ये रिंगटोन भरून घ्यायला दापोलीच्या शरीफच्या दुकानातच यायची. २००२ साल. शरीफ कानाने ऐकायचा आणि फोनची बटणं दाबून एकेक सूर बसवायचा. त्याच्याकडचा सगळ्यात खपाचा माल म्हणजे ही धून. अरबी बोलणाऱ्या एका जपानी कार्टूनमध्ये हिरोची आई मरते, तेव्हा वाजणारी. या पोरांचं लहानपण तिच्यावर रडण्यात गेलेलं. नाव कुणालाच माहीत नव्हतं. "शरीफभाई, रडायची भरा," म्हणायची.

म्हाताऱ्याचं नाव मोरिशिता. मुलगी विद्यापीठात शिकवायची, तिच्याकडे जपानहून आलेला. तो दुकानात चार्जर घेत होता आणि काउंटरवर जाफरच्या फोनमध्ये नेमकी तीच धून वाजली. जाफर हा ओमानी पोरगा, शरीफचं रोजचं गिऱ्हाईक. त्याने ही धून बापाच्या नंबरला लावली होती. बाप फोन करायचा तो फक्त मार्क विचारायला.

"माझीच आहे," म्हातारा मोडक्या इंग्रजीत पुन्हा म्हणाला. "पण चुकलीय. मध्ये थांबायला पाहिजे."

"चाचा, कार्टूनमध्ये तुमचं नाव कुठे दिसलं नाही ते?"

"नाव इकडे कापलं. सुरुवातीचं गाणंही कापलं, अरबी घातलं."

"मग तुमचं उरलं काय?"

"आई मरते, ते."

जाफर फिस्सकन हसला. "आणि जपानमध्ये काय काय केलं?"

"रोबो," म्हातारा म्हणाला. "पुष्कळ रोबोंच्या कार्टूनला संगीत. माझ्याबरोबर शिकलेले सगळे मोठ्या ऑर्केस्ट्रात गेले. काळा कोट घालून वाजवतात. भेटले की विचारतात, अजून रोबोच का? कार्टूनचा पैसा खेळणीवाल्याचा. रोबोचा हात सुटून उडाला की म्हणायचा, ढोल जोरात, पोरं हात विकत घेतील. पाय सुटला की आणखी जोरात. पाय महाग होता."

म्हणजे तिकडेही हीच रीत. कोट घालून वाजवलं की कला, आणि पोरांसाठी वाजवलं की हमाली.

"सगळा जन्म असाच गेला. कुणी गप्प बसू दिलं नाही," म्हातारा म्हणाला. "एकदाच. आई मरते तिथे मी सगळी वाद्यं थांबवली. खेळणीवाला त्या दिवशी आजारी होता, म्हणून राहिलं. तेवढंच माझं. आणि तेवढंच तुम्ही काढलं, मिस्टर शरीफ."

शरीफ तापला. "काढलं! फोन मध्येच गप्प झाला की लोकांना वाटतं कट झाला. उचलत नाहीत. मग येतात माझ्याशी भांडायला, शरीफ, तुझी रिंगटोन फुटकी. त्यांना काय सांगू? थांबा, आई मेलीय?"

म्हाताऱ्याने हात पुढे केला. जाफरचा फोन उचलून धून उघडली. त्या फोनात धून भरताना शून्याचं बटण दाबलं की तिथे सूर थांबायचा. त्याने एक शून्य घातलं. मग आणखी एक. मग आणखी.

"चाचा, पैसे मोजून शून्य कोण घेतं?" शरीफ ओरडला. "खलास करा आता!"

म्हाताऱ्याने सावकाश आणखी एक घातलं आणि धून वाजवली.

वाजली. चढली. आणि बंद पडली.

"बघा! मेला फोन."

म्हाताऱ्याने एक बोट वर केलं. शरीफ गप्प झाला. का झाला, ते त्यालाही कळलं नाही. एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती. जाफरचा हात फोनकडे गेला होता, तो अर्ध्यातच राहिला.

मग धून परत आली. अगदी हळू.

जाफरने नाक ओढलं. "तुमचा एसी फार थंड आहे, शरीफभाई," तो म्हणाला. फोन खिशात घालून दाराकडे तोंड करून उभा राहिला. "हीच राहू दे. हीच ती."

"राहू दे! उद्या ह्याचे दोस्त येतील, परवा त्यांचे दोस्त भांडायला. तेव्हा मी तुमचं नाव सांगणार, चाचा."

"सांगा," म्हातारा म्हणाला.

"तोंडी नाही. बाहेर लिहून लावणार!"

म्हाताऱ्याने चार्जरची पिशवी खाली ठेवली. "लिहा," तो म्हणाला. मग शर्टाच्या खिशातून स्वतःचं पेन काढून पुढे केलं.

शरीफ रागात होता, म्हणून नाव विचारून लिहिलं. एरवी तो पाट्याबिट्या लिहिणारा नव्हे. इंग्रजीत, ठळक अक्षरांत लिहिलं आणि बाहेर जाऊन काचेवर चिकटवलं: रडायची धून. मध्ये थांबते. मोबाईल बिघडलेला नाही. तक्रार असेल तर मिस्टर मोरिशितांना भेटा.

तो आत येऊन बसला. म्हातारा बाहेर गेला. काचेसमोर उभा राहून त्याने पाटी वाचली. शेवटच्या, नावाच्या ओळीवर आला. ती पुन्हा एकदा वाचली. मग टोपी काढली आणि काचेसमोर कमरेत वाकला.

शरीफने आतून काच वाजवली. "यल्ला, चला, चाचा! डोक्यावर ऊन आहे!"

म्हातारा हलला नाही. धून जेवढी थांबते, तेवढा थांबला. मग टोपी घातली आणि गेला.