पूजेपुरता हात

नम्रता प्रयोगशाळेत शिरली तेव्हा लेझरच्या टेबलाला झेंडूच्या माळा लागल्या होत्या आणि तिची बाटली जागेवर नव्हती. ती खाली पाटावर होती, नारळाशेजारी, बुचाखाली कुंकवाचं बोट ओढलेली.

"या, या. तुमच्यासाठीच आरती थांबवलीय," विभागप्रमुख आप्पासाहेब म्हणाले. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाल्याशिवाय त्यांचा दसरा उगवत नसे; वर्षभर त्या यंत्रांवर काम होवो न होवो.

तिने बाटली उचलून किंचित तिरकी केली. आतलं पांढरं पाणी दुधासारखं सहज कडेला आलं.

डोळ्यांना न दिसणारे, जेलीसारखे मऊ कण पाण्यात ठासून भरले की पाणी बर्फ न होताच वाहायचं थांबतं. मग कुणी धक्का लावला नाही, तर महिनोन्‌महिने ते आणखी आणखी थिजत जातं. हे थिजणं कधी संपतं का, एवढंच तिला शोधायचं होतं. गेल्या दिवाळीपासून ती या टेबलाजवळ चपला काढून वावरत होती. शेवटची मोजणी दसरा झाला की करायची होती. पण बाटली एकदा हलली, की आत जमलेलं सगळं मोडतं.

"सर, ही कुणी हलवली?"

"मीच. खाली साका बसल्यासारखा वाटला. औषध नाही का आपण हलवून घेत? चांगली खळखळून हलवली, धुतली, पुसली. देवापुढे ठेवायची म्हणजे जरा बरी दिसायला नको?"

"त्यावर लिहिलं होतं, हात लावू नये."

"पूजेपुरता लावला हो. कायमचा थोडाच लावलाय?"

मागे उभे असलेले दोघे-तिघे हसले.

तिची शिष्यवृत्ती डिसेंबरात संपत होती. शेवटची मुदतवाढ याच आप्पासाहेबांच्या सहीने मिळाली होती आणि सही करताना त्यांनी बजावलं होतं, आता प्रत्यक्ष देव आला तरी पुढची मिळायची नाही. धायरीला घरी सगळं तिच्या प्रबंधापाशी अडून बसलं होतं. तिची नोकरी, तिचं लग्न, वडिलांचं दुकान बंद करून घरी बसणं.

"सर, पुन्हा पहिल्यापासून लावायचं तर वर्ष जाईल."

"मग लावा की. आजचा मुहूर्त चांगला आहे."

भांडावं, ओरडावं, असं तिला फार वाटलं. पण भांडून मोडलेलं जमणार नव्हतं, आणि अंगात तेवढं बळही उरलं नव्हतं. तिने बाटली पाटावर परत ठेवली.

आरती सुरू झाली. आप्पासाहेब डोळे मिटून पायाने ठेका धरत होते. त्यांचा अंगठा दर वेळी पाटाच्या कडेला लागत होता आणि बाटलीतलं पाणी डुचमळत होतं. नम्रता त्याच ठेक्यावर टाळ्या वाजवत होती.