औषध

पॉलीहाऊसच्या दारात बिल्किस दोन्ही हात पसरून उभी राहिली आणि म्हणाली, "आज कुनीबी आत जायचं न्हाई."

बाहेर अकरा बाया कात्र्या आणि बादल्या घेऊन खोळंबल्या. फेब्रुवारी तोंडावर आला होता. गुलाबाला सगळ्यात मोठी मागणी याच पंधरा दिवसांत. त्यामुळे पहाटे फवारणी उरकली की आठाच्या ठोक्याला तोडणी सुरू व्हायची. सगळ्यांच्या पुढे कस्तुरा होती. तिला चौथा महिना सरत आला होता. पदर कमरेला खोचत ती म्हणाली, "भाभी, सरका की. ऊन चढलं म्हंजी आत भाजून निघतंय."

बिल्किस सरकली नाही.

एरवी ती कुणाच्या अध्यात ना मध्यात. नवऱ्याबरोबर, अजिमबरोबर, परभणीकडून ती चाकणजवळच्या या शेतावर आली त्याला सहा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी अजिम काम बघायला म्हणून सुरतेला गेला, तो परतलाच नाही. तिकडं त्यानं दुसरा निकाह लावल्याचं पुढे कुणाकडून तरी कळलं. मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांत शेवटची खोली तिची. शेजारी पोरं रडायची, भांडायची, मार खायची. तिच्या खोलीतून फक्त स्टोव्हचा आवाज यायचा. कामाच्या बाया दर हंगामाला बदलायच्या. ओळख होऊन जरा बोलणं-चालणं वाढलं की त्यांचं बिऱ्हाड उठायचं. तिला मूल नाही, एवढंच नव्या बायांना ठाऊक असायचं. जास्त कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

दर गुरुवारी मात्र मिनल यायची. ती आकुर्डीला राहायची, भोसरीच्या एका कंपनीत कामाला होती. सुट्टीच्या दिवशी स्कूटरवर फळा बांधून यायची आणि मजुरांच्या पोरांना जांभळाखाली शिकवायची. शाळा लांब होती, मध्ये कंटेनरचा हमरस्ता होता, आणि निम्म्या पोरांचे दाखले गावाकडं राहिलेले. बिल्किस पोरांना गोळा करून आणायची, त्यांची नाकं पुसायची आणि मग तिथंच मागं बसून राहायची.

"तुम्हालाही पाटी देऊ का?" एकदा मिनलनं विचारलं.

बिल्किस लाजली. "द्या. बसची पाटी वाचता आली तरी लई झालं."

पावसाळा गेला, दिवाळी गेली. बाराखडी तिला येऊ लागली, जोडाक्षरं तेवढी अडायची. घरात वाचायला काही नव्हतं, म्हणून ती दिसेल ते वाचायची. मिठाची पुडी, काड्यापेटी, टेम्पोच्या मागं रंगवलेली नावं.

त्या दिवशी सकाळी ती फवारणीचा रिकामा कॅन विसळत होती. असे कॅन सगळ्याच खोल्यांत पाणी भरायला असत. वरची धूळ निघाली तसा लाल चौकटीतला शब्द उघडा पडला. दोनच अक्षरं. वि. ष.

तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. मालक, सुपरवायझर, फवारणी करणारा खंडू, सगळेच त्याला औषध म्हणायचे. "आज औषध मारलंय," असं तीसुद्धा रोज म्हणायची. मग ती कॅनसमोर उकिडवी बसली आणि खालच्या बारीक ओळींवर बोट ठेवून एकेक शब्द लावत गेली. नळाचं पाणी वाहत राहिलं. शेवटची ओळ तिनं तीनदा वाचली. मग नळ तसाच सोडून ती पॉलीहाऊसकडं चालत सुटली.

सुपरवायझर रविराज मोटारसायकल उभी करून आला. "काय लावलंय हे सकाळी सकाळी?"

"डब्यावर लिव्हलंय साहेब. फवारल्यावर एक दिवस आत जायचं न्हाई. पोटुशा बाईनं तर जायचंच न्हाई."

"कुणी वाचलं?"

"मी."

रविराजला हसू आलं. "अगं, इतकी वर्षं जाताय ना आत? कुणाला काय झालंय का?"

बिल्किसचे हात दाराच्या चौकटीवर आणखी घट्ट झाले.

बायांत सगळ्यात वयस्क छबूबाई. तिनं बिल्किसच्या तोंडाकडं नीट बघितलं, कात्री बादलीत टाकली आणि बांधावर जाऊन बसली. तिच्यामागं दुसरी गेली, मग तिसरी. रविराज चिडला, लांब जाऊन मालकाशी फोनवर बोलला आणि परत येऊन म्हणाला, "उद्या सकाळी सहाला या. आज सगळ्यांचा खाडा." मोटारसायकल निघून गेली.

कस्तुरा अजून दारासमोरच उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. रागाचं.

"तुमचं काय जातंय, भाभी? तुमी एकट्या. ना पोर, ना बाळ. माझ्या घरात चार तोंडं हायेत, अन् हे पाचवं."

बिल्किसनं हात खाली घेतले. तिचा आवाज इतका बारीक होता की ऐकायला कस्तुराला एक पाऊल पुढं यावं लागलं.

"माझी दोन गेली गं. हितंच तोडणीला जात व्हते तवा, पोटातल्या पोटात. अजिम म्हनला, तुझ्यातच खोट हाय. मला बी तसंच वाटायचं. आज सकाळपर्यंत."