अस्सल सूर

"बायका नकोत म्हणजे नकोत," मास्तर म्हणाले. "तीनशे वर्षांपूर्वी चर्चमध्ये बायका गात नव्हत्या. वरचे सूर पुरुषच गळा बारीक करून लावायचे. माझ्या वृंदातही तेच होईल."

चर्चच्या समितीने कपाळाला हात लावला. मास्तरांनी जुन्या पद्धतीची, आतड्याच्या तारांची व्हायोलिनं आणली, ते चाललं. पण वरची पट्टी गेली वीस वर्षं मास्तरांची बायको गात होती आणि तिच्यासाठी लोक लांबून येत.

"आणि फसलं तर?" अध्यक्षांनी विचारलं.

"तर वृंद दुसऱ्याच्या हाती द्या. मी तडजोड करणार नाही."

मास्तरांचं हे असंच. समोरचा जितका समजावेल तितके ते ताठ होत.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. ती पातेलं घासत होती, घासत राहिली.

"माझ्या जागी कोण?"

"पोस्टमन, दाताचे डॉक्टर आणि गणिताचे सर."

"अगंबाई!" तिला हसू फुटलं. मग म्हणाली, "आणि वरच्या सज्ज्याला ती लाकडी जाळी कशाला बसवताय?"

"तेव्हा गाणारे दिसत नसत. कोण गातंय याच्याशी लोकांना काय करायचंय?"

"काही नाही. पण एक सांगून ठेवते, मी तुमच्यासमोर बसून ऐकणार नाही."

"नको ऐकूस!"

तालमीत ते तिघे असे किंचाळत की व्हायोलिनवाले माना खाली घालून हसत. समितीने पुन्हा विनवलं. मास्तरांनी तोंडावर दार लावून घेतलं. शेवटी बायकोनेच तिघांना घरी बोलावून शिकवायला घेतलं, तेव्हा मास्तरांना वाटलं, नमली बिचारी.

कार्यक्रमाला चर्च गच्च भरलं. मास्तरांनी खाली उभं राहून हात उचलला आणि जाळीमागून पहिला सूर आला. स्वच्छ, सरळ, जराही न थरथरता. मास्तरांच्या अंगावर काटा आला. पुढचा तासभर कुणी खोकलंसुद्धा नाही.

संपल्यावर अध्यक्ष डोळे पुसत उठले. "मास्तर, आम्ही हरलो."

"सांगत होतो ना?" मास्तर गरजले. "बाईच्या गळ्याला हे जमणारच नाही!"

आणि छाती काढून ते लोकांकडे वळले.

शेवटच्या रांगेत पोस्टमन, दाताचे डॉक्टर आणि गणिताचे सर उभे राहून सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होते.