एका कागदावर दोन सह्या

भागूबाईच्या गोळ्या बंद करायच्या की नाही, यावरून डॉक्टर टाकळकर आणि शालूबाई यांची पुन्हा जुंपली होती. भागूबाई समोरच बाकावर बसून ऐकत होती, याचं दोघांनाही भान नव्हतं. शिकलेल्या माणसांचं असंच असतं.

डॉक्टर मनोविकारांचे, औषधावर भिस्त ठेवणारे. शालूबाई मानसशास्त्र शिकलेल्या. माणसाला बोलतं करून, चाचण्या घेऊन पारखणाऱ्या. अडुसष्ट सालापासून दोघं दर बाजारच्या दिवशी पुण्याहून कामशेतला येत आणि भाताच्या गिरणीशेजारच्या खोलीत बसत. नियम एकच होता. पेशंटमागे दोघांचा मिळून एक कागद, आणि त्यावर दोघांची सही झाल्याशिवाय उपचार बदलायचा नाही.

भागूबाई पवनेकडच्या डोंगरातल्या वाडीची. सहा महिन्यांपूर्वी तिनं स्वतःच सांगितलं होतं की कुणीतरी सारख्या हाका मारतं, डोळ्याला डोळा लागत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दोन महिन्यांत हाका थांबल्याचं तीच सांगायला लागली. दर खेपेला नवरा, नवशा, सोबत यायचा. आत कधी आला नाही. बाहेर माठाशी बसून घटाघट पाणी प्यायचा आणि भिंतीला टेकून डुलक्या काढायचा. बायकोसाठी एवढी पायपीट करतो म्हणून डॉक्टरांना त्याचं भारी कौतुक.

शालूबाईंना मात्र हे प्रकरण पहिल्यापासून खटकत होतं. एकाही चाचणीत बाईचं काही बिघडलेलं दिसत नव्हतं.

"एवढ्या गोळ्या खाऊन हिला ना गुंगी, ना तोंडाला कोरड," त्या म्हणाल्या. "धडधाकट बाईला आपण विष चारतोय, डॉक्टर."

"औषध मानवलंय तिला. बंद केलं आणि बिघडली, तर पुण्याला इस्पितळात कोंडावी लागेल. घेता जबाबदारी?"

 शालूबाई हटल्या नाहीत. शेवटी भागूबाईला बाहेर पाठवून दोघांनी तोड काढली. महिनाभर तशाच दिसणाऱ्या, खडूच्या निरुपद्रवी गोळ्या द्यायच्या. बिघडली तर डॉक्टर खरे, नाही तर शालूबाई. कुणाला सांगायचं नाही. कागदावर दोन्ही सह्या झाल्या. भागूबाईनं पुडी पदराला बांधली आणि नवऱ्याला उठवून घेऊन गेली.

तो महिना शालूबाईंना जड गेला. आपल्या हट्टापायी त्या बाईचं काही बरंवाईट झालं तर, हा विचार डोक्यातून जाईना.

ठरल्या दिवशी भागूबाई आली. एकटीच आली आणि पदर कपाळावर ओढून बसली. शालूबाईंनी तासभर तपासलं. उत्तरं मोजकी होती, पण एकही वेडंवाकडं नव्हतं. त्यांच्या जिवात जीव आला. डॉक्टरांनीही मोठ्या मनानं हार मानली.

"आता गोळ्यांची गरज नाही, भागूबाई," ते म्हणाले.

"व्हय. आता कुनाला देऊ त्या?"

शालूबाईंनी वर पाहिलं. पदर सरकला होता. कपाळावर कुंकू नव्हतं.

आठ दिवसांपूर्वी नवशानं विहिरीत उडी घेतली, तिनं सांगितलं. हाका त्यालाच यायच्या. तो काही डॉक्टरसमोर बसला नसता. शिवाय गड्याला वेड लागलं म्हटलं की कुणी कामाला बोलवत नाही. बाईचं असलं की अंगात आलं म्हणून सोडून देतात. म्हणून तिनं त्याचं दुखणं आपलं म्हणून सांगितलं, आणि गोळ्या रोज त्याच्या कालवणात चुरून घातल्या.

शालूबाईंची नजर कागदावरच्या दोन सह्यांवर गेली.

"चार म्हैनं लय बरं व्हतं त्येंला," भागूबाई म्हणाली. "ह्या खेपेला माजाच हात चुकला, बाई. नीट चुरल्या न्हाईत मी."